प्रेक्षक म्हणजे कोण? : एका उशिरा झालेल्या विद्यार्थ्याचे मनोगत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेचे निमंत्रण घेऊन आपले चिटणीस माझ्या घरी आले, तेव्हा मी त्यांना प्रांजळपणे सांगितले की, मी विद्वान नाही. मराठी विषय घेऊन पुण्यात मिळविलेली बी.ए.ची पदवी आणि त्यानंतरची केंद्र सरकारची तीस-बत्तीस वर्षांची नोकरी, एवढीच माझी शिदोरी. त्यावर ते म्हणाले, "आपण सध्या विद्यार्थी आहात, असे ऐकतो. मग विद्यार्थी म्हणूनच बोला." या युक्तिवादापुढे माझा निरुपाय झाला.

ही गोष्ट खरी आहे. वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी जनसंपर्क माध्यमांच्या एका अभ्यासक्रमास, पत्रद्वारा शिक्षणाच्या सोयीने, नाव घातले. त्यामागे ज्ञानाची तळमळ वगैरे उदात्त कारण नव्हते. नोकरीत अनेक वर्षे माझ्याकडे प्रसिद्धीचे काम होते. पत्रके छापावयाची, जाहिराती द्यावयाच्या, मेळावे भरवावयाचे आणि शेवटी अहवाल पाठवावयाचा. हे काम मी करीत असलो तरी ते का करतो व त्याचे पुढे काय होते, हे मला कोणी शिकविले नव्हते. निवृत्तीपूर्वी ते समजून घ्यावे, अशी इच्छा झाली. अभ्यासक्रमात दोन विषय होते. एक, माध्यमांचा उद्योग कसा चालतो, आणि दुसरा, प्रेक्षकांविषयीचे सिद्धान्त. पहिला विषय उपयोगाचा आणि दुसरा केवळ पुस्तकी, असे मी प्रारंभी धरून चाललो होतो. माझी ही समजूत कशी बदलली, तेवढेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

पहिला स्वाध्याय असा होता: 'आपल्या घरातील एका प्रेक्षकाचे आठ दिवस निरीक्षण करा.' माझ्या घरात असा प्रेक्षक आयताच होता. माझी आई आता ऐंशी ओलांडून गेली आहे. येथे जयपुरात ती रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाला की मराठी मालिका पाहावयास बसते. तिच्या या छंदाकडे मी नेहमीच किंचित कीव करीत पाहिले होते. सासूसुनांच्या त्या कृत्रिम भांडणांनी हिच्यासारख्या भोळ्या माणसांना कसे गुंगवून ठेवले आहे, असे मला वाटे. स्वाध्यायासाठी मी प्रथमच तिच्याशेजारी वही घेऊन बसलो आणि पहिल्याच संध्याकाळी माझी फजिती झाली. आई गुंगलेली मुळीच नव्हती. पडद्यावरची सून रडू लागताच ती म्हणाली, "हिला रडायलाच ठेवलीय. उद्या शुक्रवार, उद्या काहीतरी उघडकीस येणार." मालिकेचे गणित तिला लेखकाइतके ठाऊक होते. कथा तिला फारशी महत्त्वाची नव्हतीच. मालिका संपताच ती साताऱ्याला मावशीला दूरध्वनी करी, आणि मालिकेतल्या लग्नावरून बोलणे निघून दोघी आपल्या माहेरच्या लग्नांवर येत. सहाव्या दिवशी मी तिला सरळ विचारले, "तुला यात एवढे काय आवडते?" ती म्हणाली, "अरे, खिडकीबाहेर दिवसभर हिंदी. चार माणसं स्वयंपाकघरात बसून मराठीत बोलताना ऐकली की बरं वाटतं."

ज्याला मी नाद समजत होतो तो एका वृद्ध स्त्रीने आपल्या गरजेसाठी केलेला शहाणा उपयोग होता. या विचाराचा माग १९४० च्या दशकापर्यंत पोचतो, हे मला नंतर पुस्तकात आढळले. हेर्टा हेर्झोग नावाच्या एका विदुषीने त्या काळी अमेरिकेत दुपारच्या नभोवाणी मालिका ऐकणाऱ्या गृहिणींशी बोलून, त्या मालिकांतून त्यांना काय मिळते याचा शोध घेतला होता. या मालिका साबणाच्या कंपन्या पुरस्कृत करीत आणि म्हणून त्यांना 'सोप ऑपेरा' हे थट्टेचे नाव पडले होते. कोणास मन मोकळे करण्याची जागा, कोणास स्वप्नरंजन, तर कोणास संसारातील अडचणींवर सल्ला, असे त्या बायकांनी सांगितले. माध्यम माणसाला काय करते, याबरोबरच माणूस माध्यमाचे काय करतो, हाही प्रश्न विचारला पाहिजे, हा विचार पुढे १९७० च्या दशकात एलिहू कॅट्झ, जे ब्लमलर प्रभृतींनी 'उपयोग आणि समाधान' या नावाने पद्धतशीर मांडला.

तथापि अभ्यासाचा आरंभ येथून होत नाही. तो होतो एका भीतीपासून. पहिल्या महायुद्धातील प्रचाराचा अनुभव घेतलेल्या पिढीला असे वाटू लागले होते की, माध्यमे ही औषधाच्या सुईप्रमाणे आहेत. टोचली की औषध अंगात भिनलेच. या समजुतीच्या पुराव्यादाखल ३० ऑक्टोबर १९३८ ची एक घटना नेहमी सांगितली जाते. एच. जी. वेल्स यांच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' या कादंबरीवर ऑर्सन वेल्स यांनी अमेरिकेत एक नभोनाट्य सादर केले. त्याची रचना खऱ्या बातम्यांसारखी होती. मंगळावरून शत्रू उतरल्याचे ऐकून काही लोक घाबरले. हॅडली कँट्रिल यांनी या घटनेचा अभ्यास करून १९४० साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या अंदाजाप्रमाणे सुमारे साठ लाख लोकांनी ते नाट्य ऐकले आणि त्यांपैकी सुमारे दहा लाख लोक भयभीत वा अस्वस्थ झाले. सुईच्या सिद्धान्ताचे समर्थक त्या दहा लाखांकडे बोट दाखवितात. मी सरकारी नोकर असल्याने वजाबाकी करून पाहिली. उरलेल्या पन्नास लाखांचे काय? ते घाबरले नाहीत. कोणी दुसरे केंद्र लावून पाहिले, कोणी वर्तमानपत्रातील कार्यक्रमपत्रिका पाहिली. नंतरच्या अभ्यासकांनी तर असेही दाखविले की, त्या रात्रीच्या घबराटीची वर्णने वर्तमानपत्रांनी पुष्कळ फुगविली होती, आणि नभोवाणी ही जाहिरातींच्या बाजारात वर्तमानपत्रांची प्रतिस्पर्धी होती. एका माध्यमाच्या दुष्परिणामांची कथा दुसऱ्या माध्यमाने सांगितली असेल, तर सांगणाऱ्याचा धंदाही तपासावा, हा उद्योगाच्या अभ्यासाचा पहिला धडा मला तेथे मिळाला.

सुईच्या सिद्धान्ताला मोठा धक्का दिला तो व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेल्या पॉल लाझर्सफेल्ड यांनी. १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी ओहायो राज्यातील ईरी परगण्यात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे सहाशे मतदारांना अनेक महिने पुनःपुन्हा भेटून प्रश्न विचारले. नभोवाणी आणि वर्तमानपत्रे मते फिरवीत असतील, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात प्रचारामुळे बाजू बदलणारे फार थोडे निघाले. मतदार बोलले ते माणसांविषयी. शेजारी, भाऊ, कारखान्यातला सोबती यांच्याविषयी. विचार माध्यमांतून आधी काही जाणत्या माणसांपर्यंत पोचतात आणि त्यांच्याकडून इतरांपर्यंत जातात, असा हा दोन टप्प्यांचा सिद्धान्त १९४४ साली ग्रंथरूपाने पुढे आला. वाचता वाचता मला आमचा पुण्यातील वाडा आठवला. तेथे एक निवृत्त मास्तर ओट्यावर बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचीत. आम्हां मुलांना वाटे की आपण बातमी ऐकतो आहोत. वस्तुतः आम्ही मास्तरांना ऐकत होतो. कोणत्या बातमीवर ते चष्मा काढून थांबतात, यावरून ती महत्त्वाची की किरकोळ, हे ठरत असे.

हा विचार तपासून पाहणारा एक मोठा प्रयोग आपल्या मराठी मुलखात झाला, ही गोष्ट मला वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हती, याची आजही खंत वाटते. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने आसपासच्या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळे स्थापन केली. शेतकरी एकत्र जमत, शेती, आरोग्य, शिक्षण अशा विषयांवरील कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न व अनुभव केंद्राला कळवीत. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांत दिली जात. या प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेमार्फत पॉल नॉयराथ या समाजशास्त्रज्ञांनी केले. तेही मूळचे व्हिएन्नाचेच. तुलनेसाठी त्यांनी अशीही खेडी घेतली जेथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते, आणि अशीही जेथे रेडिओच नव्हता. निष्कर्ष असा निघाला की, जेथे ऐकणे आणि एकत्र बसून बोलणे या दोन्ही गोष्टी झाल्या, तेथे लोकांच्या माहितीत ठळक वाढ झाली. नुसता रेडिओ असलेल्या खेड्यांत तेवढी झाली नाही. शेतकऱ्याला बोलावयास जागा आणि सोबत मिळाली, तेव्हा रेडिओतले शब्द कामी आले. माझे आजोळ सातारा जिल्ह्यातले. या साऱ्या खेड्यांचे काय झाले, हे सांगू शकणारी माणसे माझ्या लहानपणी हयात होती. पण विचारावयाचे मला सुचले नाही.

आता आपल्या या शहराकडे वळतो. आपले मंडळ १९७५ साली स्थापन झाले. त्याच वर्षी १ ऑगस्टला देशात 'साइट' या नावाने ओळखला जाणारा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग सुरू झाला. अमेरिकेच्या नासा संस्थेचा एटीएस-६ हा उपग्रह एक वर्षासाठी मिळाला होता आणि इस्रोने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सार्वजनिक दूरचित्रवाणी संच बसविले होते. त्यांत राजस्थान होते आणि आपल्या जयपूर जिल्ह्यातील खेडीही होती. ज्या दिवसांत आपले संस्थापक सभासद येथे एखाद्या खोलीत सतरंजी अंथरून मंडळाची घटना तयार करीत असतील, त्याच दिवसांत येथून काही कोसांवर शाळेच्या आवारात, जाळीच्या अवाढव्य छत्रीखाली, गावकरी आयुष्यात प्रथमच हलणारे चित्र पाहत होते. हिंदी, कन्नड, ओडिया व तेलुगू या चार भाषांत कार्यक्रम होत. येथील खेड्यांसाठीचे हिंदी कार्यक्रम दिल्लीत तयार होत, आणि खेड्यात बोलली जाते ती ढूंढाडी! तरीही या प्रयोगाची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यात संशोधकांना दीर्घकाळ खेड्यांत राहावयास पाठविले होते. किती संच चालू आहेत हे मोजणे पुरेसे नाही, पाहणाऱ्यांच्या शेजारी बसून पाहिले पाहिजे, हे त्या योजकांनी ओळखले होते. ३१ जुलै १९७६ रोजी प्रयोग संपला आणि उपग्रह परत गेला.

आणि आता जे सांगावयाचे आहे ते सांगताना मला संकोच होतो. पण या विषयाने माझ्यावर खरा परिणाम केला तो येथे.

बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका राज्यात नेमणूक असताना, एका कल्याण योजनेचे पत्रक मी तयार केले होते. मजकूर माझा, मांडणी माझी. वर राजमुद्रा, मध्ये पात्रतेच्या अटी, खाली अर्ज कोठे करावा त्याची माहिती. पत्रके तालुक्यातालुक्यांत वाटली गेली आणि 'इतक्या लाभार्थींपर्यंत माहिती पोचविण्यात आली' असा अहवाल मी सही करून पाठविला. शेरा उत्तम मिळाला. सुमारे दोन वर्षांनी एका खेड्यात पाहणीस गेलो असता एक विधवा बाई पुढे आली. तिने लुगड्याच्या तुकड्यात जपून बांधलेला एक कागद शिधापत्रिकेच्या घडीतून काढला आणि मला विचारले, "साहेब, पैसे कधी येणार?" तो कागद म्हणजे माझे पत्रक होते. तिला वाचता येत नव्हते. राजमुद्रा असलेला कागद सरकारी माणसाने हातात दिला, म्हणजे आपले नाव लागले, असे ती समजली. तिने अर्ज केलाच नव्हता. दोन वर्षे ती वाट पाहत होती. आणि माझ्या अहवालात, माहिती पोचलेल्यांच्या संख्येत, तीही एक होती.

तिचा अर्ज मी त्याच दिवशी भरून घेतला. पण गेलेली दोन वर्षे भरून देण्याची तरतूद नियमांत नव्हती. त्या वेळी मी मनाशी म्हटले, 'बिचारी अडाणी!' आणि फाईल मिटविली.

पुष्कळ वर्षांनी, विद्यार्थी म्हणून, मी स्टुअर्ट हॉल यांचा विचार वाचला. जमेकात जन्मलेले आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले हे विद्वान बर्मिंगहॅम येथे शिकवीत. १९७३ साली लिहिलेल्या एका निबंधात त्यांनी असे मांडले की, संदेश तयार करणारा त्यात अर्थ बांधतो हे खरे, परंतु घेणारा तो अर्थ आपल्या अनुभवाच्या आधारे पुन्हा उकलतो. कोणी सांगणाऱ्याला अभिप्रेत तोच अर्थ घेतात, कोणी त्यात आपल्या परिस्थितीप्रमाणे तडजोड करतात, तर कोणी नेमका उलटा अर्थ लावतात. त्यांचे शिष्य डेव्हिड मॉर्ले यांनी बीबीसीवरील एक लोकप्रिय कार्यक्रम निरनिराळ्या व्यवसायांच्या २९ गटांना दाखवून याची पडताळणी केली. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात अर्थांची विविधता तर दिसलीच, पण केवळ वर्गावरून माणूस कोणता अर्थ घेईल हे सांगता येत नाही, असेही दिसले.

ते वाचले त्या रात्री ती बाई माझ्यापुढे उभी राहिली. तिचे वाचन चुकीचे होते काय? तिच्या आयुष्यात राजमुद्रेचा कागद घरोघर फुकट वाटला गेल्याचे उदाहरणच नव्हते. असा कागद एक तर काही मागावयास येई किंवा काही द्यावयास. ज्या अर्थी मागणे नव्हते त्या अर्थी तो देणारा कागद असला पाहिजे. तिचा तर्क बिनचूक होता. अपुरे होते ते माझे ज्ञान. मी तिच्या हाती कागद दिला होता आणि तिला माहिती दिली, असे लिहिले होते.

असाच एक अनुभव आमच्या घरी फार पूर्वी आला होता. ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर 'हम लोग' ही मालिका सुरू झाली आणि डिसेंबर १९८५ पर्यंत तिचे १५६ भाग झाले. मेक्सिकोतील मिगेल साबिदो यांच्या प्रबोधनपर मालिकांची प्रेरणा तिच्यामागे होती. तिच्यातील भागवंती ही सोशिक आई दाखविण्याचा हेतू असा होता की, निमूटपणे सोसणाऱ्या स्त्रीचे काय होते ते बायकांनी पाहावे आणि सावध व्हावे. वाड्यातील एकाच घरी संच होता आणि आम्ही सारे तेथे जमत असू. माझी आजी म्हणे, "सून असावी तर अशी!" अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांच्या संशोधनात पुढे असेच आढळले की, कित्येक प्रेक्षकांनी, त्यांत स्त्रियाही आल्या, भागवंतीला सावधगिरीचा इशारा न मानता आदर्शच मानले. लेखकाने एक पेरले आणि उगवले दुसरेच. आमच्या आजीच्या सुनेने, म्हणजे माझ्या आईने, त्या वेळी काय अर्थ घेतला असेल, हे मात्र कोणी विचारले नव्हते. अलीकडे मी विचारले. ती हसली आणि म्हणाली, "मी तेव्हा मागे उभी राहून पाहत होते. बसायला जागा कुठे होती?"

आता उद्योगाकडे येतो. कारण प्रेक्षक स्वतः अर्थ लावतो, एवढे म्हणून थांबलो तर ते चित्र फार गोड होईल. आकाशवाणीच्या विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या १ नोव्हेंबर १९६७ पासून, आणि त्याही प्रथम मुंबई-पुणे-नागपूर येथे. दूरदर्शनवर जाहिराती आल्या १ जानेवारी १९७६ पासून. १९७७ साली डॅलस स्माइद या कॅनडाच्या अभ्यासकाने एक खळबळजनक विधान केले. जाहिरातींवर चालणारी माध्यमे आपणांस कार्यक्रम विकतात असे आपण समजतो, प्रत्यक्षात ती जाहिरातदारांना आपणांस विकतात. माल म्हणजे प्रेक्षक! कार्यक्रम हा दुकानदाराने गिऱ्हाईक बसावे म्हणून दिलेला चहा आहे. विकावयाच्या मालाचे वजन करावे लागते, म्हणून प्रेक्षकसंख्या मोजणारी यंत्रणा उभी राहते. आपल्या देशात २०१५ पासून 'बार्क' ही संस्था निवडक घरांत यंत्रे बसवून हे मोजमाप करते. एकेका घरावरून हजारो घरांचा अंदाज बांधला जातो. त्यामुळे थोड्या घरांत जरी गडबड झाली तरी कोट्यवधींचे हिशेब बदलतात. अशाच संशयावरून ऑक्टोबर २०२० मध्ये वृत्तवाहिन्यांचे आकडे प्रसिद्ध करणे थांबवावे लागले आणि ते मार्च २०२२ मध्येच पुन्हा सुरू झाले. भ्रमणध्वनीवर तर प्रत्येक बोटाच्या स्पर्शाची नोंद होते.

या हिशेबात एक गोष्ट आपणां बृहन्महाराष्ट्रीयांच्या दृष्टीने ध्यानात घेण्यासारखी आहे. मराठी वाहिन्यांचा बाजार मुख्यतः महाराष्ट्र आणि गोवा या क्षेत्राच्या आकड्यांवर ठरतो. जयपुरात बसून मराठी मालिका पाहणारी माझी आई त्या तराजूत जवळजवळ वजनरहित आहे. जाहिरातदाराच्या लेखी ती नाहीच. म्हणजे पाहा, त्या विधवेला मी मोजले आणि तिच्यापर्यंत काहीच पोचले नव्हते. माझ्या आईपर्यंत सारे पोचते आणि तिला कोणी मोजत नाही. आकड्यांचा हा दोन्हीकडचा आंधळेपणा मला माझ्याच घरातून आणि माझ्याच फाईलीतून शिकावा लागला.

येथे एक सावधगिरीची सूचनाही केली पाहिजे. प्रेक्षक शहाणा आहे म्हणून माध्यमे निरुपद्रवी आहेत, असे मी म्हणत नाही. मॅक्सवेल मॅकोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी १९७२ साली दाखविले की, वृत्तमाध्यमे जे विषय ठळकपणे मांडतात तेच मतदारांना महत्त्वाचे वाटू लागतात. जॉर्ज गर्बनर यांनी असे मांडले की, जे लोक दूरचित्रवाणी फार पाहतात त्यांना जग प्रत्यक्षापेक्षा अधिक धोकादायक वाटू लागते. हा परिणाम सुईसारखा क्षणात होत नाही, सांदीत ओल झिरपावी तसा होतो. शिवाय ज्या प्रेक्षकाशी बोलावयास कोणी नाही, तो अधिक एकाकी आणि म्हणून अधिक दुबळा असतो. पुण्याच्या प्रयोगाचा अर्थ मला यामुळेच मोठा वाटतो.

शेवटी आपल्या मंडळाविषयी. प्रत्येक वार्षिक सभेत एक विषय निघतोच: तरुण मुले कार्यक्रमांना येत नाहीत, मोबाइलने त्यांना बिघडविले. हे वाक्य मीही याच व्यासपीठावरून बोललेलो आहे. आज मला कळते की तो १९३८ चा सुईचा सिद्धान्तच होता, फक्त सुईचे नाव बदलले होते. गेल्या गणेशोत्सवात आपल्यांतल्याच एका सोळा वर्षांच्या मुलाशी मी बोलत होतो. तो म्हणाला, "काका, आम्ही किती जण आलो हे सगळे मोजतात. आम्ही काय पाहतो ते कोणीच विचारत नाही." मी विचारले. तो रोज रात्री मराठी नाटकांचे जुने प्रवेश पाहतो, अडलेला शब्द आजीला विचारतो, आणि आजी झोपली असेल तर लिहून ठेवतो. त्याच्या वहीत चाळीसच्या वर शब्द होते. आपण आपल्या कार्यक्रमांच्या हजेरीपटावर त्याला तीन वर्षे 'अनुपस्थित' धरीत आलो आहोत.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने माझी एकच सूचना आहे आणि ती पुण्याच्या त्या शेतकऱ्यांकडून उसनी घेतलेली आहे. आपला प्रत्येक कार्यक्रम संपल्यावर, नाटक असो, कीर्तन असो वा व्याख्यान, अर्धा तास खुर्च्या गोलाकार मांडाव्यात आणि आलेल्यांनी काय पाहिले, काय ऐकले, ते त्यांना बोलू द्यावे. पदाधिकाऱ्यांनी त्या अर्ध्या तासात फक्त ऐकावे. महिन्यातून एकदा मुलांनी आपण पाहिलेले काही मराठी येथे आणावे आणि ज्येष्ठांनी ते त्यांच्याशेजारी बसून पाहावे. खर्च काही नाही. अहवालात उपस्थितीच्या आकड्याखाली दोन ओळी जास्त लिहाव्या लागतील, एवढेच.

माझी परीक्षा अद्याप व्हावयाची आहे, आणि या वयात स्मरणशक्ती साथ देईल की नाही, सांगवत नाही. पण उत्तीर्ण झालो नाही तरी नोकरीच्या उरलेल्या काळात एक नियम मी स्वतःपुरता केला आहे. कोणतेही पत्रक छापावयास जाण्यापूर्वी ते वाचता न येणाऱ्या एका तरी माणसाच्या हाती द्यावयाचे आणि त्याला विचारावयाचे, "हे काय आहे, असे तुम्हांला वाटते?" गेल्या दोन वर्षांत या प्रश्नामुळे तीन पत्रके मला बदलावी लागली.

रीतीप्रमाणे या भाषणानंतर प्रश्नोत्तरे नाहीत, असे चिटणीसांनी मला सांगितले होते. मी त्यांना विनंती करून अर्धा तास मागून घेतला आहे.  आता आपण बोलावे, मी ऐकतो.